कुणालाही जमेल असं

माझ्या मुलीला घरात सगळे मुकादम म्हणतात. नाव तिच्या बाबांनी ठेवलं. अगदी लहान असताना ती दारातल्या सगळ्यांच्या चपला जोडीने लावायची आणि कुणी वाकड्या काढून ठेवल्या की कमरेवर हात ठेवून समोर उभी राहायची. "आली मुकादम," असं म्हणत हे मुकाट चपला सरळ करायचे. आता ती पस्तिशीला आली. चपला अजून सरळ लावते. कमरेवर हात ठेवून उभी राहायची तेवढी थांबली होती. आज संध्याकाळी मी तिला पुन्हा तशी उभी राहिलेली पाहिलं, आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. घर झोपलंय. मला झोप येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

लग्न मोडल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. नातेवाईक "परत आली" म्हणतात. मी प्रत्येक वेळी "राहायला आली" अशी दुरुस्ती करते. येताना दोन बॅगा आणि एक कॉम्प्युटर आणला. माझ्या शिवणाच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल लागलं. कंपनीने दिलेला मोठा स्क्रीन टेबलावर मावेना, म्हणून तो इस्त्रीच्या टेबलावर चढला आणि आमची इस्त्री पलंगावर आली. तिची मीटिंग असली की कपडे धुवायचं मशीन लावायचं नाही, कारण आमचं मशीन फिरताना फरशीवर चालायला लागतं आणि तिच्या साहेबांना वाटतं घराचं बांधकाम सुरू आहे.

ती वेब अ‍ॅप्स बनवते. मी रसायनशास्त्राची पदवीधर, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत अर्धं आयुष्य घालवलं. मला तिचं काम कळायचं कारण नव्हतं. पण तिने कळेल असं सांगितलं. शिकवायची तिला हौसच आहे.

"हे बघ आई, कंपनीची बरीच अ‍ॅप्स आहेत. दुकानदारांचं एक, सामान पोचवणाऱ्यांचं एक, हिशेबाचं एक. पूर्वी प्रत्येकाचं घर वेगळं होतं. आता सगळ्यांचा कोड एकाच इमारतीत आणलाय. त्याला मोनोरेपो म्हणतात. खोल्या वेगळ्या, पण जिना एक, पाण्याची टाकी एक."

"आणि टाकीत कुणी काही टाकलं तर?"

"तर सगळ्यांच्या नळाला येतं." ती इतकी खूश झाली की तिने माझा गालगुच्चा घेतला. "बाबा, बघा, आईला ऑफिसातल्या निम्म्या लोकांपेक्षा जास्त कळतं."

"मग हिलाच पाठव उद्या मीटिंगला," हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "तेवढीच घरात शांतता."

काम चांगलं होतं, पण कंत्राटी. कंत्राट संपत आलं की दर वेळी घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही, जणू आत कुणी आजारी आहे. मग ते वाढायचं आणि आम्ही पुन्हा नेहमीसारखं भांडू लागायचो. तिला स्वतःचं घर हवं होतं. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायच्या. ती बघून आली. माझी शिवणाची टेप घेऊन गेली होती.

"खिडकीखाली टेबल बसतं," ती म्हणाली. "इंचभर जागा उरते."

घरांच्या एजंटने मात्र सरळ सांगितलं, "मॅडम, मालक कंत्राटवाल्यांना देत नाहीत. कायम झाल्याचं पत्र आणा, किल्ली घेऊन जा." म्हणजे सगळं त्या कायम होण्यावर येऊन अडलं होतं. आम्हा दोघांना तिचं ओझं नव्हतं. पण मोडलेल्या लग्नातून आलेल्या बाईला आईच्या शिवणाच्या खोलीत किती दिवस बसवणार? रात्री पाणी प्यायला उठली तरी ती पावलं न वाजवता चालायची. आपल्याच घरात.

त्याच सुमाराला कॅप्टनने तिला नवं काम दिलं. कॅप्टन म्हणजे तिच्या टीमचा प्रमुख. कॉलेजात कधीतरी कुठल्याशा संघाचा कप्तान होता, ते बिरुद त्याने अजून उतरवलेलं नाही. मी दारात वाटाणे सोलत बसले होते, स्पीकरवरून त्याचा आवाज ऐकला.

"ग्राहकांच्या तक्रारींचं नवं अ‍ॅप करायचंय. त्याच मोनोरेपोमध्ये. तू ते नीट उभं करून दे. तुझं कायम करण्याचं मी बघतो."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं, डोळे मोठे करून. मी मान हलवली. पण 'मी बघतो' हे शब्द माझ्या ओळखीचे आहेत. बदलीच्या वेळी, बढतीच्या वेळी, सासूच्या आजारपणात दिरांकडून, सगळीकडून मी ते ऐकलेत. करणारा माणूस 'करतो' म्हणतो.

आता हे 'उभं करणं' काय असतं ते सांगते, कारण सगळं त्यातच आहे. त्यांच्याकडे नवं अ‍ॅप उभं करायची एक रीत पडली होती: शेजारच्या अ‍ॅपचं फोल्डर जसंच्या तसं उचलायचं, नाव बदलायचं आणि दिसेल तेवढं झाकायचं. दुकानदारांचं अ‍ॅप असंच पोचवणाऱ्यांच्या अ‍ॅपवरून उचललेलं. कित्येक महिने दुकानदारांना वर पाटी दिसायची 'तुमची आजची फेरी'. दुकानदार बिचारे दुकानातच बसून. शिवाय प्रत्येक अ‍ॅपला चालताना स्वतःचा एक क्रमांक लागतो, दारावरच्या घरनंबरासारखा. तोही नकलेत तसाच आला होता. एक अ‍ॅप सुरू केलं की दुसरं बंद पडायचं, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांना फोन करून विचारायची, "तू लावलंयस का? जरा बंद कर ना."

"मी शेजाऱ्याचं घर उचलून आणून पाटी बदलणार नाही," मुकादम म्हणाली.

तिने रिकाम्या फोल्डरपासून सुरुवात केली. एकदा मला हाक मारून स्क्रीन दाखवला. पांढऱ्या पानावर एक निळं बटण, त्यावर 'तक्रार नोंदवा'. बास.

"एवढंच? इतक्या दिवसांत?"

"आई, हे बटण माझं नाही. सामाईक साठ्यातलं आहे. सगळ्या अ‍ॅप्सना तेच. उद्या तिथे रंग बदलला तर सगळीकडे बदलेल. कुणी नक्कल करायची नाही, कुणी विसरायचं नाही." ती त्या बटणाकडे असं बघत होती जसं मी तिच्या पहिल्या दाताकडे बघितलं असेल.

मधे एकदा त्या सामाईक साठ्यात तिने एक जुनी चूक दुरुस्त केली आणि तीन अ‍ॅप्स एकदम झोपली. दुपारभर फोन. एकाने तर विचारलं, "मॅडम, तुमचं घर बांधताना आमचं पाडायचं ठरलंय का?" तिने सगळ्यांची माफी मागितली, सगळ्यांचं पूर्ववत केलं आणि मग प्रत्येक बदलाआधी सगळी अ‍ॅप्स आपोआप तपासली जातील अशी व्यवस्था केली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यापुढे जाऊन तिने आपण केलेली प्रत्येक पायरी एका कमांडमध्ये बांधली. नव्या अ‍ॅपचं नाव द्यायचं, एंटर दाबायचं; फोल्डर तयार होतं, मोकळा क्रमांक शोधला जातो, सामाईक गोष्टी जोडल्या जातात, तपासणी होते, आणि ते निळं बटण समोर येतं. शेजारी साध्या भाषेत माहिती, अगदी कालच नोकरीला लागलेल्यालाही कळेल अशी.

हे ऐकून हिशेबाच्या अ‍ॅपचे तात्या घरी आले.

तात्या तिच्या ऑफिसातले सगळ्यात जुने. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. हिशेबाचं अ‍ॅप त्यांच्याशिवाय कुणालाच सुरू करता येत नाही. ते सुरू करायच्या आधी काही भाग एका ठरावीक क्रमाने तयार करावे लागतात आणि मधे एक कमांड द्यावी लागते. तो क्रम तात्यांच्या डोक्यात. नवा माणूस अडला की तात्या चहाचा कप घेऊन येतात, कीबोर्ड स्वतःकडे वळवतात, काहीतरी टकटक करतात आणि म्हणतात, "झालं बघ." झालेलं असतं, पण बघितलेलं कुणीच नसतं. तात्या कायम आहेत.

"पोरी, सगळं लिहून ठेवलंस म्हणे?" त्यांनी बिस्किट बुडवत विचारलं.

"हो तात्या. तुमचंही अ‍ॅप आणू या का त्यात? तुमचीच कटकट वाचेल."

"माझी कटकट म्हणजेच मी गं." ते हसले. मग कप खाली ठेवून, आवाज उतरवून म्हणाले, "एक पायरी पोटात ठेव. एकच. छोटीशी. कुणाला दिसायचीसुद्धा नाही. अडले की तुला हाक मारतील. हाक मारायला माणूस लागतं तोवर माणूस ठेवतात."

मी आतून पाणी घेऊन येत होते. तिथेच थांबले आणि म्हणाले, "तात्या बरोबर बोलतायत."

ते गेल्यावर आमचं जुंपलं.

"आई, तू? तू मला हे सांगतेस?"

"मीच सांगणार. आमच्या प्रयोगशाळेत ते मोठं मशीन होतं ना, त्याची जुळणी करणारा कुणाला जवळ उभं राहू द्यायचा नाही. मी मात्र येईल त्याला शिकवलं. दोन प्रयोगशाळा एकत्र झाल्या तेव्हा कुणाला राहा म्हणाले आणि कुणाला घरी बसवलं?"

"पण माझ्यानंतर जी कुणी बसेल तिचं काय? ती अडून दिवसभर माझ्या फोनची वाट बघणार?"

"बघू दे की!"

"तू अशी नाहीस."

"मी अशीच आहे. नोकरी गेल्यापासून अशीच आहे. तुझ्या लक्षात आलं नाही एवढंच."

हे मध्ये पडले. "मुकादम, आईचं ऐक. एक चप्पल राहू दे वाकडी."

ती हसली. हसून खोलीत गेली आणि त्या माहितीत आणखी एक पायरी घातली, आधी लिहायची राहून गेली होती ती.

सगळ्यांना मीटिंगमध्ये दाखवायचा दिवस आला. मी मिक्सर बंद ठेवला, मशीनची तर बातच नाही. कॅप्टनला नाटक करायची हौस. तो म्हणाला, "मुकादमने नाही चालवायचं" (ते नाव तिच्या तोंडून ऑफिसातही गेलं होतं) "ज्याने जन्मात कोडची ओळ लिहिली नाही त्याने चालवायचं." जाहिरात विभागातल्या एकाला बसवलं. त्याने नाव टाकलं, एंटर दाबलं. माझी लेक स्क्रीनला चिकटून बसलेली, मी दाराच्या चौकटीला धरून उभी. काही वेळाने तो माणूस ओरडला, "अरे, आलं की! निळं बटण आलं!"

टाळ्या झाल्या. कॅप्टन म्हणाला, "बघा! कमाल आहे! आता याला माणूसच लागत नाही!"

सगळे हसले. तीही हसली, तिनेही टाळ्या वाजवल्या. मी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत.

कंत्राट संपायला आलं तेव्हा त्याचा फोन आला. या वेळी तिने स्पीकर लावला नाही, पण ती काय म्हणत होती ते ऐकूनच कळत होतं. "हं." "हं, बजेट." "नाही, समजलं." फोन ठेवल्यावर तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण विसरायचं नाही मला. तो म्हणाला होता, "तुझं काम इतकं चोख आहे की आता ते कुणीही सांभाळेल. मी बघितलं गं सगळीकडे, पण वरून जागाच नाही."

आणि तिने काय विचारलं असेल? "मी काम कुणाच्या हाती सोपवू?" सोपवायला काही नव्हतंच. सगळं लिहिलेलं होतं.

मोठा स्क्रीन न्यायला माणूस आला. इस्त्रीचं टेबल पुन्हा इस्त्रीचं झालं. तात्यांचं निवृत्तीचं वय होऊन गेलं तरी त्यांना मुदतवाढ मिळाली, कारण हिशेबाचं अ‍ॅप नव्या पद्धतीत आणायचं राहूनच गेलं. विषय निघाला की तात्यांची पाठ धरायची. त्यांचा फोन आला होता. "वाईट झालं पोरी," एवढंच म्हणाले. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. त्यांना शिव्या तरी देता आल्या असत्या.

समोरच्या दोन खोल्यांत एक जोडपं राहायला आलं. त्या खिडकीखाली त्यांनी पलंग टाकलाय. भांडी घासताना तिला ते समोरच दिसतं. एकदा म्हणाली, "पडदा चांगला निवडलाय त्यांनी."

ती मुलाखती देते. एका ठिकाणी विचारलं, "हे सगळं तुम्हीच उभं केलंत, तर मग तुम्हाला सोडलं कसं?" ती म्हणते, प्रश्न वाकडेपणाने विचारला नव्हता, विचारणाऱ्याला खरंच कळत नव्हतं.

आज संध्याकाळी ती उद्याच्या मुलाखतीसाठी शर्टाला इस्त्री करत होती. फोन वाजला, हात गुंतलेला म्हणून तिने स्पीकर लावला. एक कोवळा, घाईचा आवाज.

"ताई, मी तुमच्या जागेवर आलेय. म्हणजे जागेवर नाही, कंत्राटीच आहे मी. तुमचा नंबर तात्यांनी दिला, पण मी दिला म्हणून सांगू नको म्हणाले. ताई, तुमच्या कमांडने आज नवं अ‍ॅप उभं केलं. पहिल्याच फटक्यात आलं! जेवायच्या सुट्टीच्या आत! मला तर वाटलं माझंच काहीतरी चुकलंय."

माझी मुलगी हसली. कितीतरी दिवसांनी तिचं असं हसू मी ऐकलं, पोटातून आलेलं. "निळं बटण आलं?"

"आलं! मी फोटो काढला त्याचा."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. जी हिच्या खुर्चीवर येऊन बसली तिच्याच आनंदात ही आनंदी. पण पुढचं ऐकलं आणि जागची हलले नाही.

"ताई, एक विचारू? कॅप्टन म्हणालेत, हिशेबाचं अ‍ॅप याच पद्धतीत आणून दाखव, मग तुझं कायम करण्याचं मी बघतो. पण त्यातली मधली पायरी तात्या सांगत नाहीत. तुम्हाला माहीत आहे का हो?"

तिला माहीत होती. तात्यांच्या अ‍ॅपचे भाग वाचून वाचून तिने तो क्रम केव्हाच शोधून काढला होता; मला जेवताना सांगितलं होतं आणि वर म्हणाली होती, "त्यांना नको कळायला, उगीच घाबरतील." मी दोन्ही हातांनी तिला खुणा केल्या. सांगू नकोस. सांगितलं की तात्या घरी आणि पाठोपाठ ही पोरही घरी. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इस्त्री उभी करून ठेवली.

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण आधी कॅप्टनला ईमेल कर. हे काम झालं की मला कायम करणार, अमुक तारखेला, असं त्यांच्याकडून लेखी घे. उत्तर आलं की मला फोन कर. सांगते."

"ताई, ते रागावतील ना."

"रागावू देत."

"तुम्ही घेतलं होतं लेखी?"

"नाही."

"बघते, ताई."

इस्त्री थंड व्हायच्या आतच पुन्हा फोन आला. आता आवाजातली घाई गेली होती. कॅप्टन हसला होता. म्हणाला होता, लेखी कशाला, माझ्यावर विश्वास नाही का? "ताई, ते बोलले म्हणजे करतील. खरंच चांगले आहेत ते. सांगा ना. प्लीज. माझ्या घरी सगळे वाट बघतायत मी कायम होण्याची."

तेव्हा ती उभी राहिली. कमरेवर हात ठेवून, फोनसमोर, जणू ती पोर दारात वाकडी चप्पल काढून उभी आहे.

"मग नाही," ती म्हणाली.

"ताई, एकच तर पायरी..."

"नाही सांगणार." आणि तिने फोन बंद केला.

हे खोलीच्या दारात येऊन उभे होते. ते तसेच माघारी गेले. तिने शर्ट हँगरला लावला, वरचं बटण घातलं.

"हेच सांगत होतीस ना तू?" ती मला म्हणाली. रागाने नाही. पाण्याचा नमुना तपासून आकडा सांगावा तसं.

"हो," मी म्हणाले.

हेच सांगत होते मी. आजही सांगेन. त्या पोरीचं भलं त्यातच आहे, तात्यांचंही, आणि हे सगळं मला पटलेलं आहे. पण फोनवरची ती मुलगी आता कुठल्यातरी खोलीत अडून बसली असेल, आणि तिला अडवून ठेवणारी माझी मुकादम आहे. मघाशी दाराला कडी घालायला गेले. तिच्या चपला जिथे काढल्या तिथेच पडल्या होत्या, एक उंबऱ्याशी, एक भिंतीकडे. मी वाकले आणि हात मागे घेतला. उद्या सकाळी मुलाखतीला निघताना तीच लावते का बघायचंय.